बंदी कुत्र्यावर की कुलुपावर?

भुंकणारं कुत्रं चावत नाही, ही म्हण ज्याने काढली तो दुबई मरीनाच्या टॉवरमध्ये राहिलेला नसणार. इथलं कुत्रं चावत नाही हे खरं, पण झोपेचे लचके तोडतं! आमच्या मजल्यावर मालक सकाळी ऑफिसला गेला की एक कुत्रं जे सुरू होतं, ते तो परत येईपर्यंत. शेजारची नर्स रात्रपाळी करून त्याच वेळी आडवी होते. मग रहिवाशांमध्ये ठरलेली मागणी येते: बिल्डिंगमध्ये कुत्री बंद करा.

मला ही मागणी चुकीची वाटते, आणि त्याचं कारण भूतदया नव्हे.

आधी थोडं इंजिनिअरिंग. भिंत कितीही जाड असली तरी आवाज फट शोधतो. २१० सेंटिमीटर उंच दाराखाली १ सेंटिमीटर फट म्हणजे दाराचा जेमतेम अर्धा टक्का. पण तेवढ्याने तुमचं दार फार तर २३ डेसिबल अडवू शकतं, मग ते सागवानी असो की पोलादी. ९० डेसिबलचं भुंकणं कॉरिडॉरमध्ये ६५-७० ने येतं. दाराखाली रबरी पट्टी लावायला कितीसा खर्च येतो?

दुसरं कारण कुत्र्याच्या बाजूचं. उन्हाळ्यात इथे पारा ४० च्या वर, मरीना वॉकची फरशी तापलेली. फिरणं फक्त पहाटे आणि रात्री. मधले दहा तास तो जीव एकटा, कुलूपबंद. तो भुंकतो ते एकटेपणाने. आपण त्याला खोडी म्हणतो.

अमेरिकेत पीएचडी करताना नॅशनल पार्कांच्या कॅम्पग्राउंडमध्ये बरंच राहणं झालं. तंबू आणि आरव्ही एकमेकांना खेटून, भिंत म्हणाल तर कापडाची. तरी तिथे कुत्र्याला सर्रास मज्जाव नाही. संघीय नियम म्हणतो: पट्टा ६ फुटांपेक्षा लांब नको, प्राण्याला बांधून एकटं सोडून जायचं नाही, आणि जागा-वेळ पाहता अवाजवी वाटेल असा आवाज त्याला करू द्यायचा नाही. तिन्ही अटी मालकावर!

भारतात तर प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. दुबईत घरमालक भाडेकरारातच 'प्राणी नको' लिहू शकतो. एकीकडे मनाईला मनाई, दुसरीकडे सरळ मनाई. दहा तासांच्या कुलुपाबद्दल मात्र दोन्हीकडे कोणी बोलत नाही. दुबई महापालिकेकडे कुत्र्याची नोंदणी, मायक्रोचिप आणि रेबीजची लस सक्तीची आहे. त्यात बिल्डिंगने आपल्यापुरती एक ओळ घालावी: दिवसभर बाहेर राहणाऱ्याने दुपारी कुत्र्याकडे बघायला माणूस ठेवावा आणि दाराची फट बुजवावी. परवडत नसेल तर कुत्रं पाळू नये.

कठोर वाटेल, पण पगारदार एकट्या माणसाने दहा तास कोंडण्यासाठी प्राणी विकत घ्यायचा आणि त्याचा हिशेब नर्सच्या झोपेतून चुकता करायचा, हे त्याहून कठोर आहे. तुम्हाला काय वाटतं?