मृत्युपत्र : त्याचे आणि तिचेही

आपल्याकडे माणूस निवृत्तीच्या आधी दहा वर्षे पेन्शनचे हिशेब मांडतो, मुलांच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला टाकतो, गावाला निघताना दाराचे कुलूप दोनदा ओढून पाहतो. एवढा सावध माणूस एका कागदाचा विषय निघाला, की मात्र पंख्याकडे पाहू लागतो. मृत्युपत्र हा शब्दच अभद्र, तिन्हीसांजेला उच्चारू नये असा. काहींनी त्याला इच्छापत्र हे सौम्य नाव देऊन पाहिले. टाळाटाळ काही कमी झाली नाही. ‘माझ्याकडे आहे काय? एक फ्लॅट आणि चार ठेवी. मुलं गुणी आहेत, घेतील समजून,’ हे आपले ठरलेले उत्तर.

बँकेच्या नोकरीत अशी अनेक ‘समजून घेणारी’ घरे मी जवळून पाहिली. वारसाहक्काची भांडणे श्रीमंतांकडेच होतात, हा समज खरा नाही. एकच फ्लॅट असतो तेव्हा त्याचे तीन तुकडे करता येत नाहीत, खरी अडचण तिथेच सुरू होते. या अडचणीत सर्वांत जास्त सापडते ती मागे राहिलेली बाई.

पहिला गोंधळ नॉमिनी या शब्दाचा. ‘नॉमिनेशन केलंय, आता मृत्युपत्र कशाला?’ असे भलेभले विचारतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. खातेदार गेल्यावर पैसे कोणाच्या हाती द्यायचे, एवढेच नॉमिनेशनने ठरते. नॉमिनीला रक्कम दिली की बँक मोकळी होते. वारसांचा हक्क मात्र जिथल्या तिथे राहतो. कंपन्यांच्या शेअर्सबाबतही नॉमिनी मालक ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. सोय चांगली आहे, जरूर घ्यावी. पण तिला मृत्युपत्र समजू नये.

दुसरा गैरसमज असा, की नवरा गेला म्हणजे सारे आपोआप बायकोचे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष गेला, तर पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. नवऱ्याच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये बाईने चाळीस वर्षे संसार केला, दोन मुले वाढवली. नवरा गेल्यावर ती एक तृतीयांशाची मालकीण होते. सासूबाई हयात असल्या तर एक चतुर्थांशाची. पुढे लिफ्ट नसलेल्या इमारतीतला तिसरा मजला गुडघ्यांना झेपेना म्हणून घर विकायचे म्हटले, तर ठाण्यातल्या लेकाची आणि न्यूजर्सीतल्या लेकीची सही हवी. मुले गुणी असली तरी हक्कसोडपत्र, मुखत्यारपत्र यांत महिने जातात. मुले एकमेकांशी बोलत नसली, तर त्या माउलीने जिने चढतच राहायचे.

इथवरचे पुष्कळांना पटते. म्हणून नवरे मृत्युपत्र करतातही. पण तिच्या मृत्युपत्राचे काय? ‘माझं काय आहे? सगळं यांचंच,’ असे आपल्या बायका म्हणतात. तिच्या पाटल्या असतात, पोस्टातली बचत असते, माहेरचा वाटा असतो; आजच्या नोकरदार स्त्रीचे तर स्वतःचे घर आणि प्रॉव्हिडंट फंडही असतो.

आणि कायदा तिच्या बाबतीत वेगळा आहे. मृत्युपत्र न करता हिंदू स्त्री गेली, तर तिची स्वतःची कमाई आधी मुलांना आणि नवऱ्याला जाते. ती दोन्ही नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असाच एक खटला होता. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा सर्पदंशाने गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. आईवडिलांनी शिकवले, ती नोकरीला लागली, कमावती झाली आणि १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता वारली. तिच्या आयुष्यभराच्या पुंजीवर आईने हक्क सांगितला. न्यायालयाला सहानुभूती होती. पण सहानुभूतीने कायदा बदलत नाही. पैसे नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे गेले. दोन पानांचा एक कागद असता, तर ते आईला मिळाले असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच न्यायालयाने सर्व स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करण्याचे आवाहन केले. घरोघरच्या लेकीसुनांनी ते मनावर घ्यावे.

हा कागद करणे अवघड नाही. साधा कागद चालतो, मराठी चालते, हाताने लिहिलेले चालते, स्टॅम्प ड्यूटी लागत नाही. करणाऱ्याची सही आणि ती सही होताना पाहिलेल्या किमान दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण निवडावेत. उद्या न्यायालयात सांगायची वेळ आली तर ते हयात हवेत. ज्याला वाटा मिळणार, त्याला साक्षीला बसवू नये. संशयाला जागा राहते. वय झाले असेल तर ‘विचारशक्ती ठीक आहे’ असा डॉक्टरांचा दाखला जोडावा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. ठेवी, लॉकर, विमा यांची यादी सोबत असावी. दहा वर्षे कोणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. त्या वारसांना मागता येतात, पण कोणत्या बँकेत काय होते हे ठाऊक तर हवे! आणि मन बदलले तर मृत्युपत्रही बदलता येते. शेवटचे असेल ते खरे.

इतके सोपे, मग वकील कशाला? एका वाक्यासाठी. ‘माझ्यानंतर घर पत्नीने सांभाळावे व तिच्या पश्चात मुलांनी वाटून घ्यावे,’ असे प्रेमाने लिहिणारे पुष्कळ असतात. आता ती बाई मालक झाली, की नुसती राहणारी? आजारपणासाठी घर विकायचे ठरवले, तर विकता येईल का? तिने स्वतः मृत्युपत्र केले, तर ते चालेल? या एका वाक्यावर दोन भाऊ वर्षानुवर्षे भांडू शकतात. वकील आधी विचारतो, ‘तुम्हाला नेमके काय हवे आहे?’ आणि तेच स्पष्ट शब्दांत मांडतो. वडिलोपार्जित मिळकतीत आपण फक्त आपल्या हिश्श्यापुरतेच लिहू शकतो, हेही तोच सांगतो. कायदाही सर्वांना एक नाही. मुस्लिम कायद्यात साधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येते. गोव्यात मुलांना अर्ध्या मालमत्तेपासून वंचित करता येत नाही. मुंबईत मृत्युपत्राला प्रोबेट लागतेच, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. २०२५ मध्ये संसदेने ती सक्तीच काढून टाकली. शेजाऱ्याच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये, ते यासाठी. फीची धास्ती असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी आपल्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. आपल्या मुलाबाळांवर ती वेळ येऊ नये असे वाटत असेल, तर वकिलाच्या कचेरीचा जिना आपण एकदा चढावा, आणि नवराबायको दोघांनी मिळून चढावा. कागद मात्र दोन करावेत : एक त्याच्या सहीचा, एक तिच्या.