साक्षीपुरते आमंत्रण

भटक्या-विमुक्तांविषयी मराठी विद्यापीठीय जगात गेल्या चार दशकांत पुष्कळ लिहिले-बोलले गेले. ‘उपरा’ (१९८०), ‘उचल्या’ (१९८७), ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४), ‘तीन दगडांची चूल’ (२०००) ही आत्मकथने आपण वाचली आणि शिकवली. त्यांतील पहिल्या दोहोंना साहित्य अकादमीचे पुरस्कार लाभले. त्यांवर प्रबंध झाले, परिसंवाद झाले. हे योग्यच झाले. परंतु या गौरवात एक सोयीस्कर वाटणी दडलेली आहे : अनुभव त्यांचा, अन्वयार्थ आपला. आमच्या मते हीच वाटणी शासनाच्या धोरणव्यवहारातही जशीच्या तशी चालत आली आहे. तेथे दुःख त्यांनी सांगावयाचे, निर्णय इतरांनी घ्यावयाचा. या समाजांच्या संघटनांना साक्षीपुरते बोलावले जाते. मसुदा लिहिला जातो तेव्हा मात्र त्या दाराबाहेर असतात. ही रीत बदलावयास हवी, आणि तो बदल कोणाच्या सौजन्यावर न सोडता कायद्याने व्हावयास हवा, असे आमचे म्हणणे आहे.

या रीतीची फळे पाहण्यासाठी आपल्या लोकसाहित्याच्या तासिकेपासून फार दूर जाण्याचे कारण नाही. वासुदेव, बहुरूपी, पोतराज, कुडमुडे जोशी यांच्यावर आपण टिपा लिहून घेतो आणि गुण देतो. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा मात्र गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा एखादी वस्तू विकावयास पुढे करणे अशा निमित्ताने सार्वजनिक जागी दान स्वीकारण्यालाही भीकच म्हणतो, आणि भीक मागणाऱ्यास अटक करण्याचा अधिकार पोलिसांना देतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्याच्या प्रमुख तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. ज्या महाराष्ट्रात तो जन्मला तेथे तो उभाच आहे. उत्तरपत्रिकेत जी लोकपरंपरा, तीच रस्त्यावर गुन्हा. हे कलम लिहिले जात असताना गाऊन-नाचून पोट भरणाऱ्यांची एखादी संघटना समोर बसलेली असती, तर ते इतक्या सहजपणे पुढे सरकले असते काय?

दुसरे उदाहरण दाखल्याचे. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या जातप्रमाणपत्रासाठी २१ नोव्हेंबर १९६१ हा मानीव दिनांक आहे. त्यापूर्वीपासून कुटुंबाचे वास्तव्य राज्यात होते, हे अर्जदाराने सिद्ध करावयाचे. ज्यांची नोंद शासनाने स्वतःच ‘भटके’ अशी केली, त्यांच्याकडे शासन स्थिर वास्तव्याचा पुरावा मागते! अटी शिथिल करणारी परिपत्रके पुढे निघाली खरी. परंतु ती हरकती आणि मोर्चे यांच्यानंतर निघाली. पालावर राहणाऱ्या माणसाला जे एका वाक्यात सांगता आले असते, ते कळण्यास कार्यालयांना वर्षे लागली, कारण आधी विचारण्याचे बंधनच कोणावर नव्हते.

आयोग नेमले गेले, हे आम्ही नाकारीत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या या समाजांची १९५२ साली देशभर कायदेशीर मुक्तता झाली. त्यानंतर बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाचा अहवाल २००८ साली आला, आणि त्यानंतर भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाचा. दोन्ही अध्यक्ष या चळवळींशी दीर्घकाळ निगडित होते. संघटनांनी साक्षी दिल्या, निवेदने दिली. हाती काय आले? २०१९ साली केंद्राने कल्याण मंडळ स्थापले, तेही १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, म्हणजे ज्या कायद्याखाली एखादे वाचनालय नोंदवावे त्याच कायद्याखाली. २०२२ साली ‘सीड’ योजना आली. पाच वर्षांसाठी दोनशे कोटी रुपये. रेणके आयोगाचा लोकसंख्येचा अंदाज दहा कोटींहून अधिक होता. ही रक्कम त्या सर्वांवर वाटली, तर पाच वर्षांत माणशी वीस रुपयेही पडत नाहीत. साक्ष ऐकण्याचे बंधन आणि साक्षीला उत्तर देण्याचे बंधन यांत किती अंतर असते, हे या आकड्यावरून कळावे.

हे बंधन घालता येते याचा पुरावा संविधानातच आहे. अनुच्छेद ३३८ च्या नवव्या खंडानुसार अनुसूचित जातींवर परिणाम करणाऱ्या सर्व मोठ्या धोरणविषयक बाबींत केंद्राने आणि राज्यांनी राष्ट्रीय आयोगाचा सल्ला घ्यावयाचा आहे. अनुसूचित जमाती आणि मागासवर्ग यांच्या आयोगांसाठीही तशीच तरतूद आहे. मग भटक्या-विमुक्तांना वेगळे काय हवे, असे कोणी विचारील. उत्तर असे, की या तीन याद्यांत ते विखुरले गेले आहेत. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. तिन्ही घरांत ज्याची खाट आहे, त्याचे घर एकही नाही.

आदिवासींच्या बाबतीत कायद्याने एक पाऊल पुढे टाकले. १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनाधिकार कायदा यांनी ग्रामसभेच्या शब्दाला वजन दिले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयानुसार ओडिशातील नियमगिरीच्या खाणीचा प्रश्न बारा ग्रामसभांपुढे ठेवला गेला. बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली, आणि खाण झाली नाही. परंतु ग्रामसभेला गाव लागते. भटक्याला गाव नाही, शिवार नाही, बहुधा मतदारयादीत सलग नावही नाही. त्याची संघटना हीच त्याची ग्रामसभा होय. तिचा शब्द जोवर ‘निवेदन’ म्हणून आवक-जावक नोंदवहीत जिरतो, तोवर लोकशाहीतील एक मोठा समूह बिनग्रामसभेचा राहतो.

संघटना काय करू शकते, याचे उदाहरण बंगालचे आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. महाश्वेतादेवी ज्या संघटनेशी जोडलेल्या होत्या, त्या खेडिया सबरांच्या कल्याण समितीने कलकत्ता उच्च न्यायालयात दाद मागितली. केंद्रीय अन्वेषण विभागाकडे तपास गेला आणि विधवेस भरपाई देण्याचा आदेश झाला. हा विजयच होता. पण तो माणूस गेल्यानंतरचा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. प्रत्येक वेळी संघटनेला प्रेताशेजारीच जागा मिळावी, आणि मसुद्याशेजारी कधीच मिळू नये, ही व्यवस्था आम्हांस असह्य वाटते.

यावर आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की संघटना अनेक, त्या जातवार फुटलेल्या. खरा प्रतिनिधी कोणता? व्यापाऱ्यांच्या आणि साखर कारखानदारांच्या संघटना काय एकच असतात? त्यांना बोलावताना हा प्रश्न कोणास पडत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : पुढारी दलाल होतील, मोठ्या जमाती लहानांना आणि पुरुष स्त्रियांना गप्प करतील. हा धोका खरा आहे, आणि म्हणूनच नियम हवेत. लहान जमातींना पाळीपाळीने जागा, स्त्रियांना निम्म्या जागा, संघटनांचे हिशेब जाहीर. धोका टाळण्यासाठी सर्वांनाच बाहेर ठेवणे म्हणजे दलालाचे काम कार्यालयाकडे सोपवणे होय.

आमच्या मागण्या थोडक्या आहेत. या समाजांना स्पर्श करणाऱ्या प्रत्येक कायद्याचा व शासननिर्णयाचा मसुदा मराठीत, नव्वद दिवस आधी, त्यांच्या संघटनांना मिळावा. त्यांनी घेतलेली हरकत फेटाळावयाची असेल, तर कारणे लेखी देऊन ती विधिमंडळापुढे ठेवावीत. मंडळांवरील निम्मे सदस्य संघटनांनी निवडलेले असावेत. मुंबईच्या बैठकीस येणाऱ्या कार्यकर्त्याची रोजी बुडते, ती शासनाने भरून द्यावी. २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद घेण्याचे ठरले आहे. पालापालांवर कोणती नावे, कोणत्या बोलीत विचारावयाची, हे ठरवताना या संघटनांचा शब्द निर्णायक मानावा.

साहित्याच्या अध्यापकांनी यात का पडावे? कारण ‘आवाज’ हा शब्द आपण फार उदारपणे वापरतो. आत्मकथनाला आपण वंचितांचा आवाज म्हणतो, आणि तो ऐकल्याच्या समाधानात पुस्तक मिटतो. परंतु ज्या बोलण्याला उत्तर देणे कोणावरही बंधनकारक नाही, ते राज्यव्यवहाराच्या लेखी केवळ ध्वनी असते. या पुस्तकांनी जे मागितले, ते आपल्या सहानुभूतीपेक्षा पुष्कळ अधिक होते. ते मागणे आपण अद्याप अभ्यासक्रमाला लावलेले नाही.