भोगवर्धनाला पटावर जागा का नाही?

दिवाळीच्या सुटीत भोकरदनला आप्तांकडे जाणे झाले. फराळ आटोपून मंडळी ओसरीवर गप्पांत रंगली होती आणि नववीत शिकणारा पुतण्या आत संगणकासमोर बसून साम्राज्ये उभारत होता. खेळाचे नाव ‘एज ऑफ एम्पायर्स’. आरंभी एक यादी येते. तीतून आपली संस्कृती निवडायची, गाव वसवायचे, शेती करायची, सैन्य उभारायचे आणि शेजाऱ्यावर मात करायची. पोराने यादी दोनदा खालीवर पाहिली आणि सहज विचारले, “काका, यात आपलं कोणीच कसं नाही?”

प्रश्न पोरसवदा म्हणून सोडून देता आला असता. परंतु ज्या गावात तो विचारला गेला, त्या गावाच्या पोटात त्याचे उत्तर पुरलेले आहे, म्हणून तो मनातून जाईना.

प्रथम ही यादी पाहू. १९९७ साली अमेरिकेत निघालेल्या या खेळात बारा संस्कृती होत्या. इजिप्त, सुमेर, बॅबिलोन, असीरिया, हित्ती, फिनिशिया, मिनोअन, ग्रीस, इराण, चीनचे शांग, कोरियाचे चोसोन आणि जपानचे यामातो. पुढच्याच वर्षी पुरवणी आली आणि रोम, कार्थेज, मॅसिडोनिया व पाल्मायरा यांची भर पडली. २०२३ मध्ये नव्या रूपात सतरावे नाव जोडले गेले, ते व्हिएतनामच्या प्राचीन लाक वियेत लोकांचे. अश्मयुगापासून लोहयुगापर्यंतचा मानवी इतिहास खेळवणाऱ्या या पटावर सतरा नावे आहेत आणि त्यांत भारताचे एकही नाही! सुमेर आहे, पण ज्या मेलुहाची जहाजे आपल्या बंदराला लागतात, असे अक्कडचा राजा सारगॉन अभिमानाने कोरून ठेवतो आणि जो मेलुहा म्हणजे आपला सिंधुप्रदेश असे बहुतेक अभ्यासक मानतात, तो मात्र नाही. गिऱ्हाईक पटावर आहे, व्यापारी गायब आहे.

कोणी म्हणेल, हा तर खेळ. त्याचे एवढे काय मनावर घ्यायचे? ज्यांच्या घरात शाळकरी मुले आहेत त्यांनी स्वतःला विचारावे, आपल्या मुलाला हित्ती लोक होते हे कोठून कळले? पाठ्यपुस्तकातून नव्हे. हित्तींचे रथ, फिनिशियनांची गलबते, रोमनांची व्यूहरचना ही सारी माहिती त्याला या पडद्याने दिली. जे तेथे नाही ते जगात नव्हते, असा समज नकळत घडतो आणि तो पुसणे पुढे कठीण जाते.

भारताला इतर खेळांत स्थान मिळाले, हे खरे. १९९१ पासून चाललेल्या ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेत भारत प्रथमपासून होता आणि पहिल्या सहाही आवृत्त्यांत त्याचे नेतृत्व महात्मा गांधींकडे होते. गांधीजींविषयी पूर्ण आदर ठेवून विचारतो, प्राचीन काळापासून आरंभ होणाऱ्या या खेळात भारताची ओळख म्हणून विसाव्या शतकातील एकच चेहरा पुनःपुन्हा पुढे का यावा? अशोक २००५ च्या चौथ्या आवृत्तीत आला, चंद्रगुप्त २०१८ मध्ये. २०२५ च्या सातव्या आवृत्तीत प्राचीन काळासाठी मौर्य आणि त्यापुढच्या काळासाठी चोल आले, हे आनंदाचे. अर्वाचीन काळासाठी मात्र मुघल निवडले गेले. मुघलांना वगळावे असे कोणी म्हणत नाही. पण १७७२ मध्ये शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर ज्या महादजी शिंद्यांनी बसविले, त्यांची मराठेशाही त्या काळाची प्रतिनिधी का नव्हे? २००९ च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये मराठ्यांना स्थान होतेच; म्हणजे ते देणे अशक्य नाही.

‘एज ऑफ एम्पायर्स’च्याच दुसऱ्या मालिकेत २०२५ मध्ये प्राचीन भारताचा पुरू आला. कोणत्या पुरवणीतून? सिकंदराच्या मोहिमेवरील! कोणी युनानी दार ठोठावील तेव्हाच आमच्या घरात माणसे राहतात हे जगाला कळावे, अशी ही निवड आहे.

या निवडीला निकष कोणता? प्राचीनत्व म्हणावे, तर सिंधू संस्कृती सुमेरच्या बरोबरीची. तिची लिपी अजून वाचली गेलेली नाही, राजांची नावे ठाऊक नाहीत, म्हणून खेळ रचणाऱ्यांची अडचण होते, हे एक वेळ मान्य करू. विस्तार म्हणावा, तर पाल्मायरा हे सीरियाच्या वाळवंटातील काफिल्यांचे एक नगर. राणी झेनोबियाने काही वर्षे रोमला आव्हान दिले आणि इ.स. २७२ मध्ये ते नगर रोमच्या हाती पडले. त्याला जागा आहे. मग ज्यांनी दख्खनवर शतकानुशतके राज्य केले, पूर्व आणि पश्चिम या दोन्ही किनाऱ्यांपर्यंत सत्ता पोहोचविली, त्या सातवाहनांना का नाही?

येथे लिपीची सबब चालणार नाही. खेळाला जे जे लागते ते सारे सातवाहनांनी दगडावर आणि धातूवर लिहून ठेवले आहे. राजधानी हवी? गोदातीरीचे प्रतिष्ठान. राणी हवी? नाणेघाटातील लेखात आपल्या घराण्याचे यज्ञ आणि दक्षिणा नोंदविणारी नागनिका. पराक्रमी राजा हवा? नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने पुत्राचे वर्णन कोरविले आहे : क्षहरातांचा उच्छेद करणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असा गौतमीपुत्र सातकर्णी. अर्थकारण हवे? १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. नाणी नहपानाची, पण त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटविला होता. शत्रूचा खजिना न वितळवता त्याचेच चलन आपल्या नावे फिरविणे, यापेक्षा चतुर डाव कोणत्या खेळात आहे? आणि आरमार हवे असेल, तर सातवाहनांच्या नाण्यांवर शिडांची जहाजे आहेत.

आता भोकरदन. हे प्राचीन भोगवर्धन. पुराणांतील दक्षिणापथाच्या जनपदांत हे नाव येते. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत भोगवर्धनचे रहिवासी आहेत आणि त्यांची नावे तेथील दगडावर आजही वाचता येतात. १९७३ च्या सुमारास नागपूर व मराठवाडा विद्यापीठांच्या वतीने डॉ. शां. भा. देव आणि डॉ. गुप्ते यांनी येथील पांढरीत उत्खनन केले. मणी, शंखाच्या वस्तू, मातीच्या मूर्ती यांबरोबर हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती हाती आली, आणि अभ्यासकांना इटलीतील पॉम्पेई आठवले. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या त्या नगरात १९३८ मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनची मूर्ती तिच्या घडणीची, तेरला मिळालेलीही त्याच कुळातील. पॉम्पेईची मूर्ती नेमकी कोठे कोरली गेली याविषयी मतभेद आहेत. परंतु भोकरदन आणि तेर यांचा विचार केल्यावाचून ती चर्चा पुढे सरकत नाही. रोमला पटावर जागा आहे आणि रोमन घरात शोभलेल्या शिल्पाच्या कुळाला नाही.

येथे बोट केवळ परदेशी कंपन्यांकडे दाखवून थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कंपनी बाजार पाहते आणि तिच्या लेखकांना जे वाचायला मिळाले ते घेते. आपण त्यांच्यापुढे काय ठेवले? भोकरदनच्या उत्खननाचा अहवाल १९७४ मध्ये इंग्रजीत निघाला. तो आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? भोकरदनच्या किती मुलांना आपले गाव सांचीच्या दगडावर आहे हे ठाऊक आहे? निषेधाची निवेदने देण्यात आपण तत्पर असतो. पांढरीवर अर्धा दिवस घालवायला आपल्याला सवड नसते.

आणखी एक कटू गोष्ट. प्राचीन भारताचा विषय निघाला की आपल्यातील काही उत्साही मंडळी लगेच विमाने उडवू लागतात. त्यामुळे खऱ्या गोष्टींचेही हसे होते. जोगलटेंभीच्या नाण्यांना आणि नाणेघाटाच्या लेखाला विमानाची जोड लागत नाही. ज्याच्या घरात अस्सल सोने आहे त्याने मुलामा कशाला द्यावा?

कारागीरही आपल्याकडे आहेत. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स’ या चमूने २०२० मध्ये पौराणिक कथांवर रचलेला ‘राजी’ हा खेळ जगापुढे आणला. मग इतिहासाच्या पटावर प्रतिष्ठान, तेर आणि भोगवर्धन मांडणारा खेळ मराठी तरुण का रचू शकणार नाहीत? त्यांना हवी आहे विश्वासार्ह सामग्री. उत्खननांचे अहवाल सुबोध मराठीत आले पाहिजेत, नाण्यांची व लेखांची छायाचित्रे खुली झाली पाहिजेत, आणि प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या पांढरीची, लेण्यांची, शिलालेखांची नोंद करून मुलांना तेथे नेले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याला घेऊन केळणेच्या काठी गेलो. दोन हजार वर्षांपूर्वी येथून मणी आणि हस्तिदंत कोठे कोठे जात होते, ते त्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “हे त्या खेळवाल्यांना कोणी सांगितलं नाही का?”

नाही, कोणी सांगितले नाही. सांगायचे काम आपले होते.