तीन तिघाडा, पण काम बिघाडा नव्हे

एखाद्या मित्राने कॅमेरा घेतला की आपण पहिला प्रश्न विचारतो, "किती मेगापिक्सेलचा?" दुसरा, "लेन्स कोणती?" "तो ठेवतोस कशावर?" असे मात्र कोणी विचारीत नाही. मीही कधी विचारले नव्हते. आज माझे ठाम मत झाले आहे की, ज्याला छायाचित्रणाची खरी हौस आहे त्याने दुसरी लेन्स घेण्याआधी एक भक्कम ट्रायपॉड घ्यावा. मराठीत तिवई म्हणा, कानडीत मुक्काली म्हणा, तीन पायांशिवाय गत्यंतर नाही. हे मत मला फुकट मिळालेले नाही.

गेल्या मे महिन्यात मी सिल्वासाला मामांकडे गेलो होतो. २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगिजांच्या तावडीतून सुटलेले गाव आणि त्या लढ्यात सुधीर फडक्यांसारखे कलावंत उतरले होते, एवढीच त्या गावाविषयी माझी माहिती. आता तिथे कारखाने आहेत; पण शहर मागे टाकून खानवेलच्या बाजूला निघाले की वारल्यांचे पाडे लागतात. मामांच्या ओळखीच्या एका घरी नुकतेच लग्न झाले होते. आतल्या काळोख्या खोलीत, गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला होता. मध्ये पालघट देवी, भोवती बारीक नक्षीच्या चौकटी. जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, हे मी वाचले होते. भिंतीवरचा चौक मात्र प्रथमच पाहत होतो.

फ्लॅश मारला तर मध्ये पांढरा डाग उमटे आणि मातीचा पोत नाहीसा होई. म्हणून दोन सेकंदांचे एक्स्पोजर ठरवले आणि माझा पंधराशे रुपयांचा ट्रायपॉड उभा केला. उंची पुरेना म्हणून मधला दांडा पूर्ण वर ओढला. हेडचा स्क्रू आवळून हात काढला की कॅमेरा हळूच मान टाकी. पुन्हा आवळावे, पुन्हा तेच. अकरा फोटो काढले. घरातल्या आजी कौतुकाने पाहत होत्या. निघताना म्हणाल्या, "एक फोटो मलाही दे हां, पोरा."

रात्री संगणकावर पाहिले, तर अकराही फोटोंत प्रत्येक रेघ दुहेरी. पुढच्या सुट्टीत नीट काढू, असे मनाला समजावले. पावसाळ्यात मामांचा फोन आला: ती भिंत पाडून तिथे विटांची भिंत घातली होती.

काही मित्र म्हणतात, "आता आयएसओ वाढवता येतो, फोनमध्येही रात्रीचे फोटो निघतात. ट्रायपॉड कशाला?" हातात धरून नातेवाइकांचे फोटो काढायला तो नकोच. पण आयएसओ वाढवला की फोटोत कण येतात आणि पिठाची केसासारखी रेघ आधी त्या कणांत हरवते. शिवाय भिंतीचा फोटो वाकडा नको असेल, तर कॅमेरा तिच्याशी अगदी समांतर धरून तसाच ठेवावा लागतो. हे काम हाताचे नव्हे.

मग निवड कशी करावी? आपल्याला सगळेच हवे असते: हलका, उंच, भक्कम आणि स्वस्त. ही आखूडशिंगी, बहुदुधी गाय बाजारात मिळत नाही. उंची पाहताना मधला दांडा खाली ठेवूनच पाहावी. दांडा वर काढला की तीन पायांच्या डोक्यावर एक काठी उभी राहते आणि तिथेच थरथर सुरू होते. पायांचे टप्पे जितके कमी तितके बरे, कारण शेवटचा टप्पा सर्वांत बारीक असतो. पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला तर ती वाकण्याला सुमारे आठपट विरोध करते. म्हणून जाडीत कंजुषी नको. कार्बन फायबर हलके असते आणि कंपही लवकर जिरवते, पण विद्यार्थ्याच्या खिशाला ॲल्युमिनियमच परवडते.

हेडचे दोन मुख्य प्रकार. बॉल हेड एका स्क्रूवर चटकन फिरते. पक्षी, माणसे, धावपळ यांना ते बरे. तीन दांड्यांचे हेड सावकाश चालते, पण प्रत्येक दिशा वेगळी बसवता येते. भिंत, इमारत, पुस्तकाचे पान यांसाठी तेच घ्यावे. खोक्यावर छापलेल्या वजनाच्या आकड्यावर विसंबू नये. दुकानात आपला कॅमेरा आणि सर्वांत जड लेन्स घेऊन जावे, एका खुणेवर रोखून आवळावे आणि हात काढावा. खूण खाली-वर सरकली तर नमस्कार करून बाहेर पडावे. नंतर पायाला हलकी टिचकी मारावी. पडद्यावरचे चित्र किती वेळ हलते ते दिसते.

वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून एक हिशेब मांडतो. कॅमेऱ्याची किंमत नवे मॉडेल येताच घसरते. चांगल्या पायांचे तसे नाही. हेड बहुधा तीन अष्टमांश इंचाच्या आणि कॅमेरा पाव इंचाच्या ठरीव स्क्रूवर बसतो. म्हणून पाय एकदाच चांगले घ्यावेत; हेड आणि कॅमेरे पुढे बदलता येतात. माझे पंधराशे एका मोसमात बुडाले. आता शिकवणीच्या पैशांतून साडेसहा हजारांचा जुना, पण दणकट ट्रायपॉड घेतला आहे. दर वर्षाला वाटून पाहिले तर स्वस्त कोणता, हे सांगायला ताळेबंद नको.

आणि घेतल्यावर वापरावाही नीट: जाड टप्पे आधी उघडावेत, बटण हाताने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावावा, लेन्समधले कंपनरोधक बंद ठेवावे.

मित्रहो, आपल्या आजोळी, आपल्या गल्लीत अशा भिंती, असे वाडे, अशी माणसे अजून आहेत. ती आपल्या दुसऱ्या सुट्टीची वाट पाहतीलच असे नाही. येत्या मे महिन्यात मी पुन्हा त्या पाड्यावर जाणार आहे. चौक नाही, निदान आजींचा फोटो तरी काढीन. तेवढी उधारी माझ्या खात्यावर आहे.

— बी. कॉम. द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी