गाठीची तपासणी मोडीत काढू नका



मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात लसिकाग्रंथीच्या तपासणीची गरज उरली नाही, हे आपल्या अंकातील एका वाचकाचे मत मला मान्य नाही.

जवळपासच्या साऱ्या लसिकाग्रंथी, म्हणजे गाठी, सरसकट काढण्याचे दिवस संपले, हे खरे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, १,९०० हून अधिक रुग्णांवरील चाचणीत त्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढले नाही. उलट सुमारे २४ टक्के रुग्णांना लसिकासूज आली. नुसती देखरेख ठेवलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. पण पहिली गाठ तेवढी तपासणे निराळे. मेलानोमाच्या डागाभोवती निळा रंग टोचतात. तो प्रथम जिथे पोहोचतो, ती गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

जाड, चिघळलेल्या मेलानोमात गाठ स्वच्छ असली तरी आता इम्युनोथेरपीचे औषध देतात. तिथे या तपासणीचे वजन घटेल. मध्यम जाडीच्या डागात मात्र औषध द्यायचे की नाही, हे बव्हंशी गाठच ठरवते. आणि त्या औषधाचा खर्च लाखांत जातो! बालाघाटच्या शेतकऱ्याने तो अंदाजाने करायचा का?

आमच्याकडे माणसे धानाच्या बांधीत अनवाणी राबतात. तळपायाचा काळा डाग भोवरी समजून ब्लेडने खरवडतात. भारतात मेलानोमा बऱ्याचदा तळपायालाच होतो. तेव्हा वाढणारा डाग घरी कापू नका. नागपूरला कर्करोगतज्ज्ञांना दाखवा आणि गाठीच्या तपासणीबद्दल स्वतःहून विचारा.

– एक वाचक, बालाघाट (मध्य प्रदेश)