डिस्क चार, प्रत एकच!

दिल्लीच्या ‘एम्स’वर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि नोंदणीपासून तपासणीच्या अहवालांपर्यंतची कामे कित्येक दिवस कागदावर करावी लागली. रुग्णांची माहिती परत मिळाली, कारण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून वाचला होता. दक्षिण कोरियाला हे भाग्य लाभले नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातील ८५८ टेराबाइट माहिती गेली. तिची दुसरी प्रत बाहेर कुठेच नव्हती.

नंदुरबारकरांनी या बातम्या दूरच्या समजू नयेत. देशातले पहिले आधार कार्ड २०१० मध्ये आपल्याच शहादा तालुक्यातील टेंभली गावात दिले गेले. आता दवाखान्यातल्या नोंदीही संगणकात जात आहेत, आणि ते चांगलेच आहे. पण सिकलसेलचा विचार करा. रुग्ण की केवळ वाहक, हे पुन्हा रक्त तपासून कळू शकते. मात्र वारंवार रक्त चढवलेल्या काही रुग्णांच्या शरीरात परक्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात. काही महिन्यांनी त्यांचे प्रमाण इतके घटते की चाचणीत ती दिसत नाहीत. पण तेच रक्त पुन्हा चढवले तर ती उसळून येतात आणि रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. अशा वेळी जुनी नोंद हाच एकमेव इशारा असतो. ती पुसली गेली, तर कोणतीही प्रयोगशाळा ती परत देऊ शकेलच असे नाही.

‘आमच्या सर्व्हरला चार डिस्क आहेत, काळजी नाही,’ असे कार्यालयांतून हमखास ऐकू येते. या रचनेला ‘रेड’ म्हणतात. तिच्या एका प्रचलित प्रकाराचे तत्त्व साध्या बेरजेने समजते. एका डिस्कवर ५, दुसरीवर ३ आणि तिसरीवर त्यांची बेरीज ८ ठेवली, तर कोणतीही एक डिस्क गेली तरी उरलेल्या दोनवरून तिचा आकडा काढता येतो. दोन गेल्या, तर मात्र हिशेब संपला. सर्व डिस्क बहुधा एकाच वेळी घेतलेल्या आणि सारख्याच झिजलेल्या असतात. शिवाय नवी डिस्क बसवल्यावर तिच्यावर माहिती उभी करताना उरलेल्यांवर प्रचंड ताण येतो. दोन मूत्रपिंडे असली तरी मधुमेह दोन्हींना पोखरतो, तसेच हे. शिवाय चुकून पुसलेली किंवा हल्लेखोराने कुलूप लावलेली माहिती सगळ्या डिस्कवर तशीच उमटते. म्हणून ‘रेड’मुळे काम अडत नाही एवढेच, तो बॅकअप नव्हे.

सर्व्हर बंद पडल्यावर अनेकदा मूळ बिघाडापेक्षा घाईचे उपचारच जास्त नुकसान करतात. यंत्र पुन्हा पुन्हा चालू करणे, डिस्कची अदलाबदल करणे, पडद्यावर विचारले म्हणून ‘इनिशियलाइज’ दाबणे, हे सर्व टाळावे. डिस्कमधून खरखर आवाज येत असेल तर वीज ताबडतोब बंद करावी. प्रत्येक डिस्कवर तिच्या जागेचा क्रमांक लिहावा. जाणकार तज्ज्ञ आधी प्रत्येक डिस्कची जशीच्या तशी प्रत काढतो आणि जुळवाजुळव त्या प्रतींवरच करतो. मूळ डिस्कला हात लावत नाही. कामासाठी डिस्क बाहेर पाठवताना गोपनीयतेचा लेखी करार हवा, कारण त्यात रुग्णांची खासगी माहिती असते. आणि यश येईलच याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

उपचारापेक्षा प्रतिबंध स्वस्त, हे इथेही खरे. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतील एक इमारतीबाहेर, हा जगभर मान्य असलेला नियम आहे. एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली असावी, म्हणजे हल्लेखोर तिथवर पोहोचणार नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दर काही महिन्यांनी बॅकअपमधून माहिती खरोखर परत आणून पाहावी. न तपासलेला बॅकअप म्हणजे मुदत न पाहता कपाटात ठेवलेले इंजेक्शन. आग लागल्यावर काय करायचे याची रुग्णालये रंगीत तालीम करतात. सर्व्हर बंद पडल्यावर काय करायचे, याचीही करावी. प्रत्येक रुग्णालयात या कामाची जबाबदारी नाव घेऊन एका व्यक्तीवर असावी आणि त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद असावी.

धडगाव-अक्कलकुव्यातून ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांनी सिकलसेल कार्ड आणि रक्त चढवल्याचे कागद सोबत ठेवावेत, मोबाइलमध्ये त्यांचा फोटोही काढून ठेवावा. मात्र रुग्णाने कागद जपला म्हणून रुग्णालयाची जबाबदारी कमी होत नाही. तुमच्या रुग्णालयातील बॅकअप शेवटचा कधी तपासला, हा प्रश्न रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत जरूर विचारा. उत्तरात तारीख मिळाली नाही, तर तपासणी झालेली नाही असेच समजा.