धोका मैदानावर की जीपमध्ये?

प्रो कबड्डी लीगचा २०२१-२२चा हंगाम बंगळुरूत प्रेक्षकांविना, खेळाडूंना विलग ठेवून झाला; तरीही जानेवारी २०२२ मध्ये दोन संघांत करोना शिरला आणि वेळापत्रक बदलावे लागले. यात नवल नाही. चढाई करणारा तीस सेकंद मोठ्याने दम घालतो, बचावपटू त्याला कवेत घेतात. श्वासाचे तुषार चुकणार कसे? इंग्लंडमधील रग्बी लीगच्या २०२० मधील सामन्यांच्या अभ्यासात मात्र मैदानावर संसर्ग क्वचितच आढळला. करमाळा तालुक्यातील केमसारख्या गावात सामने उघड्यावर रंगतात. तेथे अधिक भीती आहे ती दाटीवाटीने केलेल्या जीपप्रवासाची आणि बंद खोलीतील मुक्कामाची. तापलेल्या खेळाडूस मंडळांनी घरीच ठेवावे. पण सातांचा संघ जेमतेम भरत असेल, तर त्याला थांबवणार कोण?